दुब्रॉव्हनिक: शत्रूला न पडलेला तट आणि भूकंपात पडलेलं शहर

तटबंदी

क्रोएशियाच्या किनाऱ्यावरच्या दुब्रॉव्हनिकचे फोटो हल्ली सगळीकडे दिसतात. लाल कौलं, निळा समुद्र, भोवती भक्कम तट. बघणाऱ्याला वाटतं, वा, मध्ययुगातलं शहर जसंच्या तसं टिकलंय. खरं तर टिकलाय तो तट. आतलं शहर बऱ्याच अंशी १६६७ नंतरचं आहे. तटाचं वय आणि आतल्या घरांचं वय यांत दोन-तीनशे वर्षांचा फरक पडतो, आणि तो का पडला हे कळल्याशिवाय हे शहर कळत नाही. म्हणून हा धागा.

आधी थोडी पार्श्वभूमी. जुनं नाव रागुसा. १२०५ ते १३५८ व्हेनिसच्या ताब्यात, मग हंगेरीच्या राजाचं नाममात्र स्वामित्व, पुढे तुर्की सुलतानाला खंडणी. पण कारभार स्वतःचा, झेंडा स्वतःचा, जहाजं स्वतःची. १८०६ मध्ये फ्रेंच सैन्य आत आलं आणि १८०८ मध्ये सेनापती मार्मोनने प्रजासत्ताक मोडीत काढलं. तोवर हे चिमुकलं राज्य व्हेनिस आणि तुर्क या दोन दांडग्यांच्या मध्ये बसून व्यापार करत राहिलं. साथीच्या प्रदेशातून येणाऱ्यांना ३० दिवस शहराबाहेर ठेवायचं, हा कायदा यांनी १३७७ मध्ये केला. गुलामांच्या व्यापारावर बंदी १४१६ मध्ये.

आता तट. एकूण लांबी १,९४० मीटर, उंची काही ठिकाणी २५ मीटरपर्यंत. जमिनीकडच्या बाजूला जाडी ४ ते ६ मीटर, समुद्राकडे दीड ते तीन. जमिनीकडून तोफा येणार, समुद्राकडे खडकच राखण करणार, असा साधा हिशोब. उत्तरेच्या सगळ्यात उंच कोपऱ्यावर मिंचेता बुरूज. १३१९ मध्ये तो चौकोनी होता. १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल पडलं आणि तुर्कांच्या तोफांची कीर्ती इकडे पोचली, तशी रागुसाची झोप उडाली. फ्लॉरेन्सहून वास्तुकार मिकेलोत्झोला बोलावलं. जुन्या चौकोनी बुरुजाभोवती जाडजूड गोल बुरूज चढवायचं काम त्याच्याकडे होतं, आणि शिबेनिकचं कॅथेड्रल उभारणाऱ्या युराय दाल्मातिनात्सने ते १४६४ मध्ये पुरं केलं. बोकार हा दुसरा बुरूजही मिकेलोत्झोचाच. एवढं करून, राजवाड्यासाठी त्याने केलेला आराखडा मात्र इथल्या सरदारांच्या सभेने नाकारला आणि स्वारी निघून गेली. गिऱ्हाईक कुठल्याही शतकातलं असो, तऱ्हा त्याच.

पूर्वेचा रेव्हेलिन हा माझा आवडता. १५३८ मध्ये अंतोनियो फेर्रामोलिनो या इटालियन दुर्गतज्ज्ञाने त्याचा आराखडा केला. त्या काळी भीती तुर्कांपेक्षा व्हेनिसची जास्त होती. शहरातली बाकीची सगळी बांधकामं थांबवून ११ वर्षं हा एकच किल्ला बांधत राहिले. १५४९ मध्ये पुरा झाला. तो कशाला उपयोगी पडला ते पुढे येतंच.

६ एप्रिल १६६७, ईस्टरच्या आधीचा बुधवार, सकाळची वेळ. भूकंप झाला आणि काही सेकंदांत शहर बसलं. शहरात सुमारे ३,००० माणसं गेली. प्रजासत्ताकाचा प्रमुख, म्हणजे रेक्टर, सिमोने गेताल्दी राजवाड्यातच गाडला गेला. इस्तंबूलला निघालेला डच प्रतिनिधी योरिस क्रोक मुक्कामाला होता, तोही गेला. त्याच्याबरोबरचा याकोब व्हान डाम वाचला आणि त्याने सगळा वृत्तांत लिहून ठेवला. बंदरातलं पाणी पुन्हा पुन्हा मागे हटत होतं. मग चुलींतून, भट्ट्यांतून आगी लागल्या, वाऱ्याने पसरल्या आणि कित्येक दिवस जळत राहिल्या. जे उरलं त्यावर लुटारू तुटून पडले.

तट मात्र उभा राहिला. रेव्हेलिनला फारसं काही झालं नाही. कॅथेड्रलचा खजिना तिथे हलवला आणि उरलेल्या सरदारांनी तिथूनच कारभार चालवला. शत्रूसाठी बांधलेला किल्ला घर पडल्यावर निवारा म्हणून कामी आला.

बाकी किल्ल्यांबद्दल प्रतिसादांत बोलू. कुणी जाऊन आलं असेल तर लिहा.

---

रंगरेषा

छान धागा. तट राहिला हे खरं, पण आतलंही काही राहिलंय बरं का, आणि काय राहिलं याची यादी मोठी मजेशीर आहे.

स्पोंझा महाल राहिला. हे जकातघर. १५१६ ते १५२२, आराखडा पास्कोये मिलिचेविचचा. खाली रेनेसाँ शैलीच्या कमानी, वरच्या मजल्यावर त्याआधीच्या व्हेनेशियन गॉथिक शैलीच्या टोकदार खिडक्या, त्यावर पुन्हा रेनेसाँ खिडक्या. एकाच दर्शनी भिंतीवर दोन जमाने नांदतात आणि भांडत नाहीत. आतल्या चौकात जिथे माल तोलत, तिथे कमानीवर लॅटिन लेख आहे. भावार्थ असा: आमची वजनं फसवू देत नाहीत आणि फसूही देत नाहीत, मी माल तोलतो तेव्हा देव मला तोलत असतो. आता तिथे दफ्तरखाना आहे.

फ्रान्सिस्कन मठाचं चर्च कोसळलं, पण त्याचं १४९८ चं प्रवेशद्वार वाचलं. पेत्रोविच बंधूंनी घडवलेलं, कमानीत मांडीवर मृत ख्रिस्त घेतलेली मेरी. आत शिरलं की बरोक चर्च लागतं, म्हणजे उंबरा पंधराव्या शतकाचा आणि घर सतराव्या-अठराव्याचं. मठाचा चौक मात्र जुनाच आहे. तो घडवणारा मिहोये ब्रायकोव्ह हा बार गावचा पाथरवट. जोड-खांबांच्या ओळी, प्रत्येक जोडीचं शीर्ष वेगळं. कुठे पानं, कुठे श्वापदं, कुठे माणसांची तोंडं. एका चेहऱ्याचा गाल टम्म सुजलेला आहे. लोक सांगतात की ते पाथरवटाचं स्वतःचं चित्र, त्याची दाढ ठणकत होती. खरं-खोटं तोच जाणे. १३४८ च्या प्लेगमध्ये बिचारा गेला.

आणि सगळ्यात गंमत संत स्पासच्या चर्चची. पिले दरवाजातून आत शिरलं की लगेच डावीकडे. १७ मे १५२० ला शहराला भूकंपाचा मोठा धक्का बसला होता. त्यातून वाचल्याबद्दल सभेने नवस केला आणि कोर्चुलाच्या पेतार आंद्रियिचकडून हे छोटं चर्च बांधून घेतलं. १५२८ मध्ये पुरं झालं. १६६७ च्या महाभूकंपात शेजारचं भलंमोठं फ्रान्सिस्कन चर्च गेलं आणि हे भूकंपाच्या नवसाचं चर्च जवळजवळ तसंच राहिलं!

---

शंकासूर

वाचतोय. पण एक शंका. 'शत्रूला न पडलेला तट' वगैरे ठीक आहे, पण शत्रू आला होता का? दर वर्षी १२,५०० दुकाट, म्हणजे सोन्याची नाणी, सुलतानाच्या दारात नेऊन ओतत होते. पैसे भरल्यावर कुठल्या तटाला कोण हात लावतो? वर लोव्रियेनाच किल्ल्याच्या दरवाजावर लिहून ठेवलंय की जगातल्या सगळ्या सोन्याच्या बदल्यातही स्वातंत्र्य विकू नये. विकायचं नाही, भाड्याने मात्र घ्यायचं, असंच ना?

शिवाय प्रजासत्ताक कुणाचं? मोजक्या सरदार घराण्यांचं. बाकीच्यांना सभेत मज्जाव.

---

तटबंदी

शंकासूर, खंडणीचा मुद्दा मान्य, पण तट आणि खंडणी यांना वेगळं काढता येत नाही. तट नसता तर सुलतानाने खंडणी कशाला घेतली असती, शहरच घेतलं असतं. तट एवढा भक्कम की वेढा परवडू नये, आणि खंडणी एवढी की वेढ्याची गरज वाटू नये. दोन्ही मिळून संरक्षण.

आणि स्वतःच्या माणसांवरही यांचा विश्वास नव्हता, हे तुम्हाला आवडेल. लोव्रियेनाच हा तटाबाहेर, ३७ मीटर उंच कड्यावर आहे. समुद्राकडची भिंत १२ मीटर जाड आणि शहराकडची जेमतेम ६० सेंटिमीटर. किल्लेदाराच्या डोक्यात राज्य करायची हवा गेली, तर शहरातल्या तोफांनी ती भिंत चुटकीसरशी फोडता यावी म्हणून. किल्लेदार दर महिन्याला बदलायचा. रेक्टरचीही मुदत महिन्याचीच, आणि तेवढा महिना त्याने राजवाड्यातच राहायचं, कामाखेरीज बाहेर पडायचं नाही. सभागृहाच्या दारावर लेख: खासगी विसरा, सार्वजनिक सांभाळा.

सरदार घराण्यांबद्दल बोलाल तर भूकंपाने तिथेही तडा पाडला. इतके सरदार मेले की सभेत माणसं पुरेनात. मग काही श्रीमंत नागरिक घराण्यांना सरदारकी द्यावी लागली. जुन्यांनी नव्यांना कधी आपलं म्हटलं नाही. सालामांका आणि सोर्बोन या दोन विद्यापीठांच्या नावाने दोन तट पडले, आणि एका तटातला दुसऱ्यात सोयरीक करेना. घरं पुन्हा बांधली, हे काही सांधलं नाही.

मारोयित्सा काबोगाचा किस्सा तर कादंबरीत शोभेल. आपल्या सासऱ्याचा भर रस्त्यात खून केला म्हणून हा सरदार कैदेत होता. भूकंपाने कैदखाना फुटला आणि तो बाहेर आला. पळून नाही गेला. ढिगारे उपसायला, लुटारूंना आवरायला उभा राहिला. पुढे काय, शिक्षा माफ, मानमरातब, आणि तुर्की दरबारात वकील! वजीर कारा मुस्तफाने शहर दुबळं झालेलं बघून अवाच्या सवा रक्कम मागितली होती. ती नाकारायला गेलेल्यांपैकी निकोलित्सा बुनिच सिलिस्त्राच्या कैदेत १६७८ मध्ये मेला. काबोगा इस्तंबूलमध्ये तुरुंगात पडला, पण कबूल झाला नाही. १६८३ मध्ये कारा मुस्तफा व्हिएन्नाला हरला, सुलतानाने त्याचा गळा आवळला, आणि रागुसाची मान सुटली.

---

विटकर

स्थापत्य अभियंता म्हणून दोन शब्द. तट का उभा राहिला आणि घरं का पडली, यात दैवी काही नाही.

भूकंपाचा मुख्य मार आडवा असतो. दगडी भिंत वरून येणारं वजन आरामात पेलते, पण आडवा धक्का बसला की ती आपल्या पातळीबाहेर, म्हणजे रस्त्याकडे किंवा घराच्या आत, कलंडते. जुन्या घरांत तीन-चार मजली उंच, सडपातळ भिंती. तुळया भिंतीत नुसत्या टेकवलेल्या, बांधलेल्या नाहीत. भिंत चार बोटं बाहेर सरकली की तुळई सुटते, मजला खालच्या मजल्यावर, तो त्याच्या खालच्यावर. रस्ते अरुंद, त्यामुळे पळालेली माणसंही ढिगाऱ्याखाली.

तट याच्या बरोबर उलट. तोफगोळ्यांसाठी म्हणून तळाशी रुंद, बाहेरून उतरती ढाळ दिलेली, जाडी उंचीच्या मानाने भरपूर. गुरुत्वमध्य खाली. आणि पाया बहुतेक ठिकाणी थेट चुनखडीच्या खडकात. तोफेसाठी केलेली तजवीज भूकंपालाही लागू पडली. घरांपैकी काहींचा पायाही मुळात कमजोर. आजचा मुख्य रस्ता, स्त्रादून, जिथे आहे तिथे पूर्वी पाणथळ खाडी होती, ती भरून काढलेली. भरावावर धक्का वाढतो, हे कच्छच्या भूकंपानंतर आपल्याला वेगळं सांगायला नको.

भूकंप होतात कशाने? एड्रियाटिकचा तळ ज्या लहान भूपट्टावर आहे, तो दिनारिक डोंगरांच्या खाली रेटला जातोय. म्हणून ही किनारपट्टी सतत हलते. १५ एप्रिल १९७९ ला माँटेनेग्रोच्या किनाऱ्यावर साधारण ७ क्षमतेचा भूकंप झाला, त्यात दुब्रॉव्हनिकलाही तडे गेले. त्याच वर्षी शहर युनेस्कोच्या यादीत आलं. सप्टेंबर १९९६ मध्ये वायव्येला स्तोनला पुन्हा बसला.

बाय द वे, इथला एक मुलगा पुढे तडे बघण्यात नाव काढून गेला. रुजेर बोस्कोविच, जन्म १७११, दुब्रॉव्हनिक. रोमच्या संत पीटरच्या घुमटाला चिरा पडल्या तेव्हा १७४२ मध्ये पोपने तीन गणितज्ञांना तपासायला सांगितलं, त्यांतला एक हा. हिशोब करून त्यांनी लोखंडी कडी बसवायची शिफारस केली. इमारतीच्या दुखण्यावर गणिताने इलाज सुचवायचं हे फार लवकरचं उदाहरण.

---

मांडवीकाठ

विटकरकाका, एकदम भारी समजावलंत.

गोव्यातून एक भर. जुन्या गोव्याहून कुंभारजुव्याकडे जाताना गवंडाळी लागतं. तिथे सांव ब्राझचं चर्च आहे. सांव ब्राझ म्हणजेच दुब्रॉव्हनिकचा रक्षक संत, ते त्याला व्लाहो म्हणतात. क्रोएशियन अभ्यासकांचं म्हणणं असं की सोळाव्या शतकात रागुसाचे व्यापारी मिरी-मसाल्यासाठी गोव्यात आले आणि हे चर्च त्यांनी उभारलं. क्रोएशियाचे पाहुणे मुद्दाम तिथे येऊन जातात. फेस्त फेब्रुवारीत, दुब्रॉव्हनिकचा उत्सवही ३ फेब्रुवारीलाच.

---

शंकासूर

मांडवीकाठ, सांव ब्राझ पोर्तुगिजांचाही लाडका संत होता. बार्तोलोमेव दियाशने १४८८ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या ज्या उपसागरात पाणी भरलं, त्याला त्याने सांव ब्राझचंच नाव दिलं, कारण पोचला तो दिवस ३ फेब्रुवारी. तिथे कुठे रागुसाचे व्यापारी होते? नुसत्या संताच्या नावावरून चर्चची मालकी ठरवू नये एवढंच.

---

मांडवीकाठ

ते आहेच. पण रागुसाची माणसं पोर्तुगीज जहाजांवर आणि व्यापारात होती, त्यामुळे दावा अगदी हवेतला नाही. असो. गवंडाळीत कुणाला त्या वादाचं काही पडलेलं नाही, फेस्ताला या.

---

रंगरेषा

व्लाहोचा विषय निघालाच आहे तर मूळ मुद्द्याकडे येते. १६६७ च्या आधीचं शहर कसं दिसायचं, हे आपल्याला कुठून कळतं? या संताच्या हातातून! व्लाहोची प्रतिमा शहरात पावलोपावली आहे, तटाच्या प्रत्येक दरवाजावर आहे, आणि बहुतेक ठिकाणी त्याने एका हातावर अख्खं शहर धरलेलं असतं.

डॉमिनिकन मठाच्या संग्रहालयात निकोला बोझिदारेविचचं तीन फळ्यांचं चित्र आहे, साधारण १५०० चं. मध्ये मेरी आणि बाळ, आणि डाव्या फळीवर किरमिजी-सोनेरी झग्यातला व्लाहो. त्याच्या तळहातावरच्या शहराकडे जवळून बघा. तट, बुरूज, बंदर, दाटीवाटीची घरं, मनोरे. नाक लावून बघितलं तर खिडक्या मोजता येतील इतकं बारीक. व्लाहोच्या चर्चमध्ये मुख्य वेदीवर सोन्याचा मुलामा दिलेली त्याची चांदीची मूर्ती आहे, पंधराव्या शतकातली, तिच्या हातातही असंच शहर. भूकंपात पडलेलं जुनं रोमनेस्क कॅथेड्रल त्या चांदीत आहे. ही मूर्ती १७०६ च्या आगीतूनही वाचली. त्या आगीत व्लाहोचं जुनं चर्च मात्र गेलं. आज दिसतं ते मारिनो ग्रोपेल्ली या व्हेनेशियन वास्तुकाराचं, १७१५ मध्ये पुरं झालेलं.

बोझिदारेविचचं १५१३ चं दुसरं चित्रही चुकवू नका. देवदूत मेरीला शुभवार्ता देतोय, नेहमीचा विषय. पण खालच्या पट्टीत लोपुद बेटाच्या बंदरात उभं जहाज आहे. चित्राचे पैसे देणाऱ्या कप्तान मार्को कोलेंदिचचं ते स्वतःचं जहाज. रागुसाच्या माणसाला देवाइतकंच जहाजही महत्त्वाचं, आणि ते त्याने लपवलं नाही. बोझिदारेविच १५१७ मध्ये गेला. त्याच्यानंतर इथल्या चित्रकारांना ती उंची पुन्हा गाठता आली नाही, असं माझं मत. श्रीमंतांनी थेट व्हेनिसहून तिशियनची चित्रं मागवायला सुरुवात केली. डॉमिनिकन मठात तिशियनची मेरी मॅग्डालेन आहे, शेजारी व्लाहो, आणि त्याच्या हातात पुन्हा शहर. मला तिशियनपेक्षा बोझिदारेविचचं शहर जास्त खरं वाटतं. तिशियनला व्हेनिसमध्ये बसून दुब्रॉव्हनिकशी काय देणंघेणं!

---

तटबंदी

रंगरेषा, क्या बात! आणि कॅथेड्रलचा पुढचा भाग राहिलाच. भूकंपानंतर नवं बरोक कॅथेड्रल आंद्रेया बुफालिनीच्या आराखड्यानुसार उठलं, १६७१ ते १७१३. रोममध्ये व्हॅटिकन ग्रंथालयात असलेला स्त्येपान ग्रादिच तिथून पैसे, वास्तुकार आणि राजकीय पाठिंबा जमवत होता. त्याच्या आग्रहाशिवाय शहर याच जागी पुन्हा उभं राहिलं असतं का, शंकाच आहे.

जुन्या कॅथेड्रलबद्दल लोक सांगायचे की इंग्लंडचा राजा सिंहहृदयी रिचर्ड ११९२ मध्ये वादळातून वाचला आणि त्याने नवस फेडायला ते बांधवलं. पण १९७९ च्या भूकंपानंतर दुरुस्तीसाठी जमीन उकरली तेव्हा बरोक कॅथेड्रलखाली रोमनेस्क सापडलं आणि त्याच्याही खाली बायझंटाईन काळातली आणखी एक बॅसिलिका. सातव्या शतकात जवळच्या एपिदाउरुम नगरातल्या निर्वासितांनी मोकळ्या खडकावर शहर वसवलं, ही शाळेत शिकवली जाणारी गोष्ट त्या एका खड्ड्याने डळमळीत केली. एवढं मोठं चर्च बांधणारी वस्ती तिथे बरीच आधीपासून असणार.

---

कोकणी_खलाशी

जहाजावर नोकरीला असताना बंदर बघितलंय. तटावरून फिरायचं तिकीट तेव्हा ३५ युरो होतं! डोळे पांढरे झाले. पण वर चढल्यावर एक गोष्ट बघितली, कुणाला माहीत असेल तर सांगा. बहुतेक छपरं एकदम तांबडीभडक आणि मधेच काही फिकी, पिवळट-तपकिरी, शेवाळलेली. असं का?

---

विटकर

युगोस्लाव्हिया फुटतानाचं १९९१ चं युद्ध. ६ डिसेंबर १९९१ ला सगळ्यात मोठा मारा झाला. युनेस्कोच्या मोजणीनुसार जुन्या शहरातल्या ८२४ पैकी ५६३ इमारतींना तोफगोळे लागले, नऊ इमारती आगीत पूर्ण गेल्या. छपरांची चाळण झाली. जुनी कौलं जवळच्या कुपारी गावच्या भट्टीतली, हाताने थापलेली, प्रत्येकाचा रंग थोडा वेगळा. तेवढी कौलं पुन्हा मिळणार कुठून? यंत्रावरची आणली. तुम्हाला फिकी दिसली ती जुनी, भडक ती नवी. तटालाही गोळे बसले, पण भिंतीचे टवके उडाले, एवढंच.

---

शंकासूर

म्हणजे शेवटी तोफा आल्याच. बरं, एक साधा प्रश्न. नकाशात दुब्रॉव्हनिक बाकी क्रोएशियापासून तुटलेलं दिसतं, मध्ये बोस्नियाची चिंचोळी पट्टी. ती काय भानगड?

---

तटबंदी

ती नेउमची पट्टी. १६९९ च्या कार्लोवित्झ तहाच्या वेळी रागुसाने खटपट करून आपल्या आणि व्हेनिसच्या हद्दीमध्ये तुर्कांची जमीन राहील अशी व्यवस्था केली. भूकंपाने खिळखिळ्या झालेल्या राज्याला व्हेनिस शेजारी नको होतं. सरहद्द आजतागायत तीच. २०२२ मध्ये पेल्येशाच पूल झाल्यावर आता बोस्नियात न शिरता जाता येतं. बसने त्या वाटेने गेलात तर स्तोनला उतरा. मिठागरं राखायला बांधलेला तिथला तट साडेपाच किलोमीटरचा आहे, १९९६ च्या भूकंपात बराच ढासळला होता, आता दुरुस्त झालाय. गर्दी कमी, आणि तिकीटही दुब्रॉव्हनिकपेक्षा पुष्कळ स्वस्त.